आप्पांचं भिंग चांगलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही, आई जाईपर्यंत तिलाही नाही. त्या वर्षीच्या येळवशीच्या सणाला आमच्या शेतात, कडब्याच्या कोपीसमोर, वहिनींचा फोटो निघाला नाही तो माझ्यामुळं. आप्पांच्या भिंगाला काही झालेलं नव्हतं. ते चांगलं होतं, आणि ते चांगलं आहे हे तिथं जमलेल्या माणसांत एकट्या मला ठाऊक होतं. मी उलटंच बोललो. बोललो तेही अगदी थोडं, पाणी मागावं तितक्या सहज. पण पुढं जे झालं ते त्या बोलण्यानं झालं.

उमरग्यात आमचं घर हायवेला लागून आहे. पुढं दादाचं ट्रकच्या पार्टचं दुकान, मागं आम्ही. सकाळ व्हायची ती शेजारच्या टायरवाल्याच्या हवेच्या मशीनच्या धडधडीनं. हैदराबादकडून आलेले ट्रक दुकानासमोर थांबताना ब्रेकातून फुस्स करून हवा सोडायचे आणि आई चुलीपुढनं ओरडायची, "आला बाई आणिक एक नाग!" ड्रायव्हर कुणी कानडी बोले, कुणी तेलुगू, कुणी आपल्याकडची मोडकी हिंदी. दादा सगळ्यांशी एकाच भाषेत बोलायचा आणि ती सगळ्यांना कळायची. न्याहारीला भाकरी, शेंगाची चटणी आणि वर तेलाची धार. डिझेलचा वास चटणीत मिसळलेला असायचा, पण तो वास आहे हे आम्हाला गाव सोडून चार दिवस बाहेर राहिल्यावरच कळायचं.

या घरात वहिनी आल्या. त्यांचं माहेर सीमेपलीकडं, कर्नाटकात, आळंदच्या बाजूला. रुखवतात चकल्या-करंज्यांच्या ताटांमागं दुधाच्या पावडरीचा एक जुना डबा होता. आईनं झाकण उघडलं तर आत तांदूळ. "हे काय गं, रुखवतात तांदूळ?" म्हणून हात घातला तर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. वहिनी पटकन म्हणाल्या, "अत्ती, ते आप्पांचं भिंग हाय. ओल लागू नये म्हणून तांदळात ठेवलंय." अत्ती म्हणजे सासू. आईला कानडी येत होतं, तरी तिनं भिंग कसलं ते विचारलं नाही. पहिल्याच दिवशी सुनेच्या डब्यात हात घातल्याची तिलाच शरम वाटली असावी.

सगळे लेन्स म्हणतात. आप्पा भिंग म्हणायचे, म्हणून वहिनी म्हणायच्या, म्हणून हळूहळू आमचं सगळं घर म्हणायला लागलं. आप्पा म्हणजे वहिनींचे वडील. चित्रकलेचे मास्तर होते. सगळी नोकरी त्यांनी फिल्मच्या कॅमेऱ्यावर फोटो काढत घालवली, विकायला नाही, हौस म्हणून. कॅमेरा पुढं मोडून गेला, भिंग राहिलं. काळं, पितळेच्या अंगाचं, रशियाकडचं. समोरच्या काचेवर जांभळी झाक. त्याची फोकसची कडी हातानंच फिरवायची. बोट लावलं की ती मऊसूत फिरायची, आमरसात वाटी फिरवावी तशी. एवढं जड लोखंड-पितळ इतकं हळुवार कसं फिरतं, याचं मला आजही नवल वाटतं.

सानू झाली तेव्हा दादानं लेकीच्या कौतुकापायी डिजिटल कॅमेरा आणला. त्याच्यासोबत आलेली लेन्स आपली आपणच किर्र करून फोकस करायची. घरातल्या कुणालाही फोटो काढता येऊ लागला. वहिनींनी दोन-चार दिवस काढले आणि कॅमेरा कपाटात ठेवून दिला. दादानं विचारलं तर म्हणाल्या, "सगळंच चकचकीत येतंय. कुठं बगायचं ते कळंना." दादाला वाईट वाटलं. मग सोलापुरात फोटोचं सामान विकणारा एकजण कुणाकडून तरी कळला. जुनी भिंगं या नव्या कॅमेऱ्यावर बसतात, मध्ये एक रिंग लागते, असं तो म्हणाला. रिंग आणायला मला पाठवलं. मी तेव्हा पदवी घेऊन घरी बसलेला, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो असं सांगणारा. अशा माणसाला घरात असली सगळी कामं येतात.

त्या दुकानदाराची एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण सगळं त्यावरच आहे. त्यानं रिंग लावली, भिंग चढवलं, पडद्यावर समोरचा रस्ता दिसायला लागला. बटण दाबलं तर फोटो निघेना. तो हसला. मेनूत आत-आत शिरून तळाशी एक पर्याय होता, तो त्यानं चालू केला. "जुन्या लेन्सचं कॅमेऱ्याशी बोलणं नसतंय. कॅमेऱ्याला वाटतंय आपल्याला डोळाच न्हाय. म्हणून भिंग नसलं तरी फोटो काढ असं त्याला सांगून ठेवायचं. हे बंद झालं तर सगळं दिसंल, पण फोटो निघायचा न्हाय. ध्यानात ठेवा." मी ध्यानात ठेवलं. घरी येऊन वहिनींना मात्र सांगितलं नाही. रिंग बसवून कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि "घ्या, जमवलं," एवढंच म्हणालो. आपण काहीतरी अवघड करून आणलंय असं वाटू द्यायचं होतं. त्या वयात दुसरं काही दाखवण्यासारखं माझ्याकडं नव्हतं.

वहिनींना फोटो काढताना बघणं हे त्या घरातलं माझं सगळ्यात आवडतं काम झालं. त्या कॅमेरा छातीशी धरायच्या आणि मान खाली घालून पडद्याकडं बघायच्या, पोथी वाचावी तशा. कॅमेऱ्यात एक सोय होती. जिथं फोकस नेमका बसला असेल तिथल्या रेषांना पडद्यावर लाल कड यायची. वहिनी कडी फिरवायच्या तशी ती लाल कड चुलीच्या धुरावरनं आईच्या बांगड्यांवर, बांगड्यांवरनं मनगटावर, मनगटावरनं परातीतल्या पिठावर सरकत जायची. हवी तिथं आली की कडी सोडून द्यायची. मग त्या स्वतःच किंचित पुढं, किंचित मागं झुलायच्या. कडीनं नाही, अंगानं. "आप्पांनी शिकवलंय," त्या म्हणायच्या. "शेवटचं केसभर अंतर कडीवर सोडायचं न्हाय. आपण हलायचं." आणि श्वास सोडता सोडता बटण.

आई वैतागायची. "ए बाई, भाकर करपली माझी! फोटू हाय का बाळंतपण, किती येळ?"

"झालंच अत्ती. जरा हात तसाच ठेवा."

"हात तसा ठिवला तर भाकर कोण उलथील? तुझा आप्पा?"

यावर दोघीही हसायच्या, आणि तो हसण्याच्या आधीचा क्षण वहिनींनी नेमका धरलेला असायचा. आईचा तो फोटो अजून आहे. ती रागावलीय आणि हसू येऊ नये म्हणून ओठ आवळतीय. आमच्या आईच्या चेहऱ्यावर असं काही असतं, हे मला जन्मापासून तिच्याजवळ राहून कळलं नव्हतं. ते एका जुन्या भिंगानं आणि माहेर सोडून आलेल्या एका बाईनं मला दाखवलं. मी कधी बोललो नाही, पण त्या दिवसापासून मी वहिनींना मनातून मोठं मानत आलोय. नात्यानं त्या मोठ्या होत्याच. हे मोठेपण वेगळं.

त्यांनी मलाही शिकवलं. ट्रकखाली पाठीवर झोपून पाना फिरवणाऱ्या मिस्त्रीचा घामाचा थेंब धरायला मी अख्खी दुपार घालवली आणि एकही नीट आला नाही. वहिनींनी ते सगळे बघितले. म्हणाल्या, "भाऊजी, तुमी थेंबाकडं बघताय. थेंब पडणार कुठं तिकडं आधी लावून ठेवा आणि वाट बघा. तो येतोय की आपणहून." वाट बघणं हे काही मला कधी जमलं नाही. फोटोतही नाही आणि इतरत्रही नाही.

आप्पा अधूनमधून उमरग्याला यायचे ते डोळ्यांच्या दवाखान्यासाठी. त्यांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, आहे तेवढी टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. कडेकडेनं दिसायचं कमी होत चाललं होतं. ते आले की दुकानात दादाच्या शेजारी ताठ बसायचे. पांढरं धोतर, टोपी, कपाळावर भस्म. मग वहिनी कॅमेरा आणून त्यांच्या मांडीवर ठेवायच्या. आप्पा भिंगाची कडी फिरवून बघायचे आणि विचारायचे, "कशी हाय गं आमची म्हातारी?" भिंगाला ते म्हातारी म्हणायचे आणि लेकीला अव्वा, आईला हाक मारावी तशी. अव्वाचा मात्र आप्पांवर एक राग होता. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो काढले, स्वतःचा कधी काढू दिला नाही. ओळखपत्रावरचा सोडला तर त्यांचा फोटोच नव्हता. त्या वर्षी त्या हट्टालाच पेटल्या. आप्पा अखेर म्हणाले, "बरं. येळवशीला काढ. पण आधी मी तुझा काढणार. मग तू माझा." नजर अजून थोडी होती. ती असेपर्यंत लेकीचा एक फोटो आपल्या भिंगातून आपल्या हातानं काढावा, हे त्यांच्या मनात असणार. ते बोलले नाहीत, पण सगळ्यांना कळलं.

आता माझ्याकडं येतो.

येळवशीच्या आधीच्या रविवारी माझी परीक्षा होती, उस्मानाबादला. आता धाराशिव म्हणतात, तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो. दादानं सकाळी स्वतः एसटीत बसवून दिलं. वहिनींनी धपाटे आणि दही बांधून दिलं. माझा अभ्यास झालेला नव्हता. पिशवीत हॉलतिकीट होतं आणि त्याखाली, टॉवेलात गुंडाळलेला, कपाटातनं न विचारता घेतलेला कॅमेरा. वाटेत नळदुर्गला मी उतरलो. तिथं दोघं मित्र आधीच येऊन थांबले होते. आम्ही दिवसभर किल्ल्यात फिरलो. भिंग काढून पिशवीत ठेवलं आणि आपोआप फोकस करणारी लेन्स लावून बुरुजावर, पाणीमहालासमोर, गॉगल घालून, न घालता, नुसते फोटो काढले. वहिनींचे धपाटे तिघांनी वाटून खाल्ले. त्यांची चव अजून आठवते, म्हणजे लाज त्या दिवशीही थोडी होतीच.

परत निघताना एका मित्रानं खेळता खेळता मेनूची भाषाच बदलली. पडद्यावर सगळी चिनी का जपानी अक्षरं. मी घाबरलो. वहिनींना कॅमेरा असा मिळाला तर सगळंच उघडं पडणार. कॅमेरा कुठं होता, मी कुठं होतो, पेपर कुठं होता. चित्रांच्या खुणेनं आत शिरत शिरत मी एकदाचं ते शोधलं ज्यानं कॅमेरा कारखान्यातनं आला तसा कोरा होतो. दाबलं. इंग्रजी परत आली. फोटो पुसले, रिंग लावली, वरून आप्पांचं भिंग चढवलं आणि घरी येऊन कॅमेरा जागच्या जागी ठेवला. दादानं विचारलं, "कसा गेला पेपर, बसू?" मी म्हणालो, "बरा गेला." आई म्हणाली, "थकलंय लेकरू. वाढ गं त्याला."

कॅमेरा कोरा झाला म्हणजे सोलापूरच्या माणसानं चालू केलेला तो पर्यायही बंद झाला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

येळवस आमच्या भागाबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. थंडीतल्या त्या अमावास्येला गाव ओस पडतं आणि शेतं भरतात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची, आंबील शेतभर शिंपडायचं आणि मग सगळ्यांनी तिथंच जेवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबट भात. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवायचं. भज्जी म्हणजे आपली तळलेली भजी नव्हेत. त्या दिवसांत शेतात जे-जे हिरवं आणि शेंगेतलं असतं ते सगळं बेसनात शिजवलेलं दाट कालवण. आईच्या हातची भज्जी खाऊन आप्पा म्हणाले, "अक्का, हे खाल्लं की डोळ्याला जरा जास्त दिसतंय." आई म्हणाली, "मग रोज या. दवाखान्याचं भाडं वाचंल."

ऊन कलल्यावर आप्पा उठले. वहिनी कोपीसमोर उभ्या राहिल्या, डोईवरचा पदर सावरत, मागं हुरड्यात आलेली ज्वारी. आप्पांनी कॅमेरा हातात घेतला आणि पडदा डोळ्याच्या अगदी जवळ धरला. त्यांना काही सापडेना म्हणून वहिनी पुढं येऊन पडद्यात डोकावल्या. "लाल कड गेलीय बगा. बॅटरी काढली व्हती का कुणी?" ती सोय त्यांना मेनूत सापडायची. त्यांनी ती चालू केली आणि परत जागेवर गेल्या. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. कड गेली म्हणजे दुसरंही गेलं असणार.

आप्पांनी कडी फिरवली. आणि एकदम, लहान मुलासारखे, ओरडले, "अव्वा! अगं दिसतंय मला! तुझ्या नथीवर लाल आलंय!" सगळे हसले. सानू टाळ्या पिटायला लागली. आप्पा किंचित पुढं झुलले, किंचित मागं. हुबेहूब वहिनी. किंवा वहिनी हुबेहूब ते. श्वास सोडला आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, भिंग ओळखता येत नाही, नीट बसवलंय का बघा. वहिनींनी ती वाचली. भिंग काढलं, पुसलं, फिरवून बसवलं. आप्पांनी परत तसंच सगळं जुळवलं. नाही. दादा म्हणाला, "ती दुसरी लावून बघ." घरून आणलेली साधी लेन्स लावली तर फटकन फोटो निघाला. म्हणजे कॅमेरा चांगला.

"माझंच बोट चुकतंय का रं?" आप्पा म्हणाले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मेनूत शिरून तळाचा पर्याय चालू करायला मला क्षणभरही लागला नसता. पण मग वहिनींनी विचारलं असतं, हे बंद कसं झालं? आणि दादा तिथंच होता. दादाचा माझ्यावरचा विश्वास हीच त्या घरातली माझी जागा होती, दुसरं काही मी मिळवलेलं नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते, कारण रिंग मी आणली होती, मलाच कळणार. मी कॅमेरा हातात घेतला, उगाच उलटासुलटा केला आणि म्हणालो, "आतून गेलं असंल ते. जुनं हाय."

आप्पांनी हात पुढं केला. "दे इकडं. म्या बघतो." भिंग त्यांनी रुमालात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या खिशात, छातीवर ठेवलं. त्या साध्या लेन्सनं वहिनी त्यांचा फोटो काढायला गेल्या तर म्हणाले, "नको गं. म्हातारी बरी होऊ दे आधी." दुसऱ्या दिवशी ते भिंग घेऊन गावी गेले.

मी काय केलं, तर घरी कुणी नसताना मेनूतला तो पर्याय चालू करून ठेवला. आणि पुढं एक-दोन दिवसांनी आप्पांना फोन लावला. सांगायचं ठरवूनच लावला होता, आप्पा, भिंगाला हात लावू नका, ते चांगलं हाय. पण त्यांनीच सुरुवात केली. "कोण, बसू? अरे उघडलं बघ मी ते! सगळं परातीत मांडलंय. आतून लई सुंदर असतंय रे हे. कुणी केलं असंल, कुठल्या थंडीत बसून!" त्यांचा आवाज इतका तरणा मी कधी ऐकला नव्हता. मी म्हणालो, "सावकाश करा, आप्पा." आणि फोन ठेवला.

अशा भिंगाच्या आत एकात एक फिरणारी दोन नळकांडी असतात. त्यांचे आटे साध्या बोल्टसारखे एकेरी नसतात, अनेक आटे शेजारी शेजारी असतात. नळकांडी जिथं एकमेकांतनं सुटतात तिथंच ती परत धरायला लागतात. दुसऱ्या आट्यात धरली तरी ती तितकीच मऊ फिरतात, पण भिंग आपली जागा सोडतं. वहिनींना आप्पांनी हेच सांगितलेलं होतं, उघडायचंच झालं तर सुटायच्या जागी खूण कर. खूण त्यांनी स्वतःही केली होती. त्यांना ती दिसली नाही.

भिंग घेऊन आप्पा आले तेव्हा घरात सण होता. वहिनींनी ते चढवलं, बटण दाबलं, फोटो निघाला. निघणारच होता. दादानं आप्पांचे पाय धरले, आईनं गव्हाची गोड हुग्गी केली. "ह्या वयात! असल्या डोळ्यांनी!" जो तो म्हणत होता. आप्पा लाजून बसले होते. मग वहिनी गच्चीवर गेल्या, हायवेचा फोटो काढायला, आणि बराच वेळ खाली आल्या नाहीत. आप्पाच जिना चढून वर गेले, मागं मी. वहिनींनी कडी शेवटपर्यंत फिरवली होती. समोरचा रस्ता धूसरच. लाल कड कठड्यावर यायची, कठड्यावरच्या वाळवणावर यायची, त्याच्या पुढं जायलाच तयार नव्हती. आप्पांनी वहिनींच्या बोटांवर बोटं ठेवून कडी फिरवून बघितली आणि मटकन वाळवणाच्या बाजेवर बसले.

"आटा चुकला, अव्वा. लांबचं गेलं तिचं." मग टोपी मांडीवर ठेवत, "माझ्यागतच."

"ऱ्हाऊ द्या आप्पा," वहिनी म्हणाल्या. "मला लांबचं काय करायचंय?"

त्यांनी आप्पांसमोर कॅमेरा धरला. आप्पांनी तोंडावर आडवा हात घेतला. "माझं तोंड नको. ज्या हातांनी बिघडवलं ते काढ." आणि दोन्ही हात पुढं केले, उलटे, शिरा वर आलेले, नखांत ग्रीसची काळी रेघ. वहिनी पुढं-मागं झुलल्या. लाल कड त्या नखांवर येऊन थांबली. मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. तिथंही बोलता आलं असतं.

त्यानंतर आप्पांची नजर पूर्ण गेली, आणि पुढं काही वर्षांनी आप्पाही गेले. चेहऱ्याचा फोटो त्यांनी काढू दिलाच नाही. हातांचा तेवढा आहे. तो आमच्या माजघरात लावलेला आहे. पाहुणे त्याच्यासमोर थांबतात, वहिनी कौतुकानं सांगतात, "आमचे आप्पा. डोळं नसताना भिंग दुरुस्त करायला बसले आणि आटा चुकले." सांगताना त्या हसतात. एवढ्या नेमक्या हाताच्या माणसाची एक चूक आता घरादाराला पाठ झालीय.

वहिनींनी ते भिंग सोडलं नाही. साधी लेन्स सानूला खेळायला दिली, आणि लांबचं न दिसणाऱ्या त्या भिंगानं गेली कित्येक वर्षं जवळचं काढत आल्या. आंबिलाच्या मातीच्या बिंदगीच्या काठावर ओघळायचा राहिलेला थेंब. स्टिअरिंगवर रापलेला ड्रायव्हरचा अंगठा, त्यावर गोंदलेलं बायकोचं अर्धं नाव. आईच्या टाचेची भेग, आणि ती गेली त्या वर्षी तिच्या चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा. मागचं सगळं धूसर, वितळल्यासारखं, आणि मध्ये तेवढीच एक गोष्ट, जणू जगात दुसरं काही नाहीच. गावातल्या वाचनालयात सानूनं ते फोटो लावले तेव्हा दवाखान्यातले डॉक्टर आले, शेजारचा टायरवाला आला. टायरवाला अंगठ्यासमोर उभा राहून म्हणाला, "वैनी, हे हात तर म्या रोज बगतो. बगितलेच न्हाईत म्हणायचे." मी फोटो काढणं त्या येळवशीलाच सोडलं. पण फोटो म्हणजे काय ते मला त्या दिवशी वाचनालयाच्या भिंतीपाशी पुरतं कळलं. इतका नेमका, इतका मायेचा डोळा मी दुसऱ्या कुणाकडं बघितलेला नाही, आणि तो माझ्या घरात भाकरी थापत होता.

गेल्या महिन्यात सानूनं हैदराबादेत एका जुन्या लेन्स दुरुस्त करणाऱ्याला ते भिंग दाखवलं. ती तिथं शिकायला आहे. त्यानं उघडून आतला फोटो पाठवला. पितळेवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. एक नाही. शेजारी शेजारी, एकावर एक, कितीतरी. आप्पांनी प्रत्येक वेळी खूण केली होती, न दिसल्यानं पुन्हा उघडलं होतं, पुन्हा खूण केली होती. दुरुस्तीवाला म्हणाला, आटा नीट बसवून देतो, लांबचं परत दिसंल. वहिनी फोनवर म्हणाल्या, "नको. आप्पांनी जसं बसवलं तसंच मिटवा." मग तो म्हणाला, बाकी यात कधीच काही बिघाड झालेला दिसत नाही.

वहिनींनी फोन ठेवला. त्या मेथी निवडत होत्या. हातातली काडी खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, मग त्या येळवशीला का चाललं नसंल हो ते?"

मी म्हणालो, "काय की."

त्यांना संशय आलाय असं मला वाटत नाही. त्यांनी विचारलं ते घरात ज्याला यातलं कळतं अशा माणसाला विचारलं. "असंल काही तरी," म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडं वळल्या. म्हणून हे लिहायला बसलो.

आप्पांचं मी जे देणं लागतो ते आता कुणाला देता येणार नाही. वहिनींचं देता येईल. त्यांच्यासमोर बसून, दादाच्या देखत, मी त्यांना सांगायचं आहे की भिंग चांगलं होतं, कॅमेरा मी बिघडवला होता, आणि आप्पांनी भिंग उघडलं ते माझ्या खोट्या बोलण्यामुळं. हे मी लिहिलं आहे, पण तोंडानं अजून सांगितलेलं नाही. तेवढं देणं आहे.